नागपूरच्या गाडीतली मधली फळी

त्या सोमवारी हे दुपारी दोन वाजता घरी आले. हत्यारांची पेटी त्यांनी पलंगाखाली सरकवली. कामावर येऊ नका, असं त्यांना सांगितलं होतं.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी त्यांच्या हयातीत घेतलं नाही, आणि आता लिहायला बसले तरी हात धजत नाही. आम्ही लालबागला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. मी परळच्या एका शाळेत सकाळच्या वर्गांना शिकवत असे, त्यामुळे दुपारी घरी मी एकटीच असायची. पुस्तक मांडीवर होतं. ते मिटलं आणि चहाचं आधण ठेवलं. काय झालं ते विचारलं नाही. विचारलं की हे आणखी गप्प होतात, हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षातच कळलं होतं.

हे सुतार. रेल्वेच्या डब्यांचं लाकूडकाम ज्या कारखान्यात होत असे तिथे होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता तिथे नाहीही. तिसऱ्या वर्गाचे जुने डबे तिथे येत, त्यांतले बाक काढून झोपायच्या फळ्या बसवत. त्याआधी तिसऱ्या वर्गाने रात्रीचा प्रवास म्हणजे ट्रंकेवर बसून, नाहीतर दोन बाकांच्या मधे जमिनीवर पथारी टाकून. आडवं होऊन जायचं ते वरच्या वर्गातल्या लोकांनी. आता थोडे पैसे वर भरले की आपल्यासारख्यालाही फळी मिळणार होती. यांना त्याचं फार अप्रूप होतं. एकदा जेवताना त्यांनी मला पोळपाट भिंतीला लावून समजावलं होतं: खालची फळी कायमची, वरची कायमची, आणि मधली दिवसा पाठ टेकायला, रात्री उचलून साखळीला अडकवायची. "सगळा खेळ मधल्या फळीचा," म्हणाले होते. "तिच्यावर एक माणूस, आणि तिच्याखाली एक माणूस."

त्या मधल्या फळ्यांपैकी एक धावत्या गाडीत सुटली होती. नागपूरच्या गाडीत. खाली झोपलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात मोडला. साखळी ज्या लोखंडी पट्टीला अडकते ती पट्टी खांबातून उपटून आली होती. डबा कोणत्या आठवड्यात कारखान्यातून बाहेर पडला, त्या कप्प्याचं काम कोणाकडे होतं, ते कागदावर होतं. कागदावर यांचं नाव होतं.

हे सगळं यांनी मला रात्री जेवणानंतर सांगितलं. मी म्हटलं, "तुमचं काम आणि सुटेल?"

"तेच बघायचंय," म्हणाले.

मग सुपारी कातरत उरलेलं सांगितलं. काम संपायचं होतं त्या दिवशी ते दुपारी कारखान्यात नव्हतेच. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले ते फोर्टात मोर्च्याला गेले. ते दिवस तसे होते. मुंबईसह महाराष्ट्र पाहिजे, म्हणून आमच्या भागातल्या घराघरातून माणसं जात होती, लाठ्या खाऊन येत होती. पण यांच्या कामावर असं काही केलेलं कळलं तर धडगत नव्हती, म्हणून यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

कारखान्यात आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फाटकावरच्या पेटीत टाकायचा. सकाळी एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. ज्याचा बिल्ला पेटीत तो हजर. त्या दुपारी यांचा बिल्ला भावजींनी टाकला होता. भावजी म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतले, यांच्याच गावचे, यांच्याच खात्यातले. चाळीतल्या पुरुषांनी एकमेकांचे बिल्ले टाकणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. कोणाच्या घरी बारसं असे, कोणाला गावची बोट गाठायची असे. त्यात कोणाला पाप वाटत नसे. बिल्ला टाकला तर त्या माणसाचं उरलेलं कामही उरकून टाकायचं, म्हणजे संध्याकाळी मिस्त्री बघायला आला की हिशेब जुळतो. भावजींनी यांचं उरलेलं काम उरकलं होतं.

म्हणजे कागदावर हे दिवसभर हजर होते आणि ती फळी त्यांची होती.

मला हे ऐकून पहिल्यांदा फळी आठवली नाही. त्या दिवशी मी डबा भरून दिला होता, तोंडली आणि पोळी, आणि संध्याकाळी रिकामा डबा घासला होता, ते आठवलं. यांच्या खांद्यावर काळानिळा वळ होता. "फळी लागली," म्हणाले होते, आणि मी तीळतेल गरम करून चोळलं होतं. म्हटलं, "मोर्च्यालाच गेला होतात ना?"

"नाहीतर कुठे जाणार?"

"मला काय माहीत. मला तर फळी लागलेली माहीत आहे."

हे हसले. मी हसले नाही. चार वर्षांच्या संसारात एक खोटं सापडलं की आणखी कुठे कुठे असतील, ते माणूस चाचपायला लागतं. मीही लागले.

पण मुख्य प्रश्न तो नव्हता. चौकशी पंधरा दिवसांनी होती. मोर्च्याचं नाव न काढता यांनी नुसती बिल्ल्याची गोष्ट सांगितली असती तर अर्ध्या दिवसाच्या गैरहजेरीचा दंड झाला असता, पण नोकरी राहिली असती. भावजींची मात्र गेली असती; दुसऱ्याचा बिल्ला टाकला म्हणून, आणि फळी त्यांच्या हातची म्हणून. गप्प बसले असते तर यांची गेली असती. यांनी ठरवलं होतं ते असं: ती पट्टी भावजींनी बसवलेली असेल तर खरं सांगून टाकायचं. आपणच सकाळी बसवलेली असेल तर बिल्ल्याचं नाव काढायचं नाही.

"तुम्हाला आठवत नाही सकाळी काय बसवलंत ते?"

"सहा कप्पे होते. अर्धे झाले होते, अर्धे नव्हते. कुठला कुठपर्यंत आला होता ते नाही आठवत."

"भावजींना विचारा."

"विचारलं. तो म्हणतो, मलापण नाय आठवत रे."

हे मला पटलं नाही. ज्या माणसाला आपल्या गावच्या पाणंदीतलं प्रत्येक झाड आठवतं, त्याला आपण ठोकलेली पट्टी आठवत नाही? त्या आठवड्यात मी भावजींकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. गॅलरीतून जाताना ते आमच्या दारापाशी जरा हळू होत, आणि मी दिसले की पाऊल उचलत. त्यांच्या बायकोने एका संध्याकाळी तिखल्याची वाटी पाठवली. एरवी ती कधीही देई, पण त्या दिवशी बांगड्याचे तुकडे मोठे होते. मी ती वाटी धुऊन तशीच रिकामी परत केली. आमच्या चाळीत कोणी कोणाची वाटी रिकामी परत करत नसे. निदान चिमूटभर साखर तरी त्यात जाई. तिने वाटी घेतली, आत पाहिलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाय, साखर संपली काय गो?"

"संपली," म्हटलं.

यार्डातल्या एका ओळखीच्या माणसाने यांना सांगितलं की तो डबा दुरुस्त होऊन पुन्हा नागपूरच्या गाडीला लागलाय, आणि शनिवारी बोरीबंदरहून सुटेल. डब्याचा नंबर यांना पाठ होता. पट्टीची जागा बघितली की हात कोणाचा ते कळेल, म्हणाले. मी शाळेतून रजा घेतली. हे म्हणाले, "तू कशाला?" म्हटलं, "तुम्ही काय बघाल ते मलाही बघायचंय." त्यांना बरं वाटलं असेल असं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं तिकीटही काढलं.

तिकिटं साधीच होती, बसून जायची. डबा सापडल्यावर झोपायच्या जागेचे वरचे पैसे फलाटावरच्या तपासनिसाकडे भरायचे होते. तो पेन्सिल कानामागे ठेवून यादी वाचत होता.

"दोन मिळतील," म्हणाला. "बाई बरोबर आहेत. पुढच्या डब्यात खालच्या दोन समोरासमोर आहेत, त्या घ्या."

"नको. ह्याच डब्यात. तिसऱ्या कप्प्यातली मधली पाहिजे. आणि तिच्याखालची."

"मधली?" त्याने पेन्सिल काढली. "मधली कोण मागतं हो? तिथे धड बसता येत नाही, धड झोपता येत नाही. लोक माझ्याशी भांडतात मधली नको म्हणून."

"आम्हाला चालेल."

"चालेल, ते कळलं. का चालेल?"

यांना खोटं पटकन सुचत नाही. मी म्हटलं, "यांना वर गरगरतं आणि खाली धूळ लागते."

तपासनिसाने आधी यांचे पंजे पाहिले, मग माझं मंगळसूत्र, मग माझ्या पिशवीतलं पुस्तक. "त्या फळीची काय भानगड झाली ती माहीत आहे वाटतं तुम्हाला," म्हणाला.

"काय झालं?" हे म्हणाले.

"काही नाही. आता नीट केलीय," म्हणून त्याने पावती फाडली. पण गाडी सुटेपर्यंत तो दोनदा आमच्या खिडकीवरून गेला.

कप्प्यात समोर नागपूरकडची एक म्हातारी होती, लेकीकडून परत चाललेली, आणि वरच्या फळीवर जाणारे एक कापडाचे व्यापारी, बरोबर लाकडी पेटी. गाडी कल्याण सोडून पुढे गेली तसे हे उभे राहिले आणि बोटांच्या पेरांनी फळी ठोकून बघायला लागले. मग खांब. मग पट्टीभोवती. व्यापाऱ्यांनी पेटीच्या कडीला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक आपल्या मनगटाला.

"आजी, आपल्या बोचक्याकडे लक्ष ठेवा," ते म्हणाले. "अशी माणसं आधी ठोकून बघतात."

म्हातारीने यांच्याकडे नीट पाहिलं. "लाकूड ठोकून पाहते तो चोर राहते काय? सुतार दिसते मले तो." मग यांना म्हणाली, "काहून जी, पडते का ते?"

"नाही आजी, पडत नाही."

"मंग काहून ठोकून राहिले? आमाले भेव वाटते ना."

हे खाली बसले. म्हातारीने मला तिळाचा लाडू दिला आणि मुंबईकरांची खरडपट्टी काढायला घेतली. तुम्हाला मुंबई पाहिजे, आणि आमच्या नागपूरच्या लोकांना विचारलं का कोणी, आम्हाला काय पाहिजे? व्यापारी म्हणाले, मुंबई राहिली तर धंदा राहील, बाकी मी काही बोलत नाही. हे त्या बोलण्यात पडले नाहीत. खांद्याला लाठीचा वळ घेऊन आलेला माणूस दोन तास गप्प बसला. माझ्या मनात पुन्हा आलं, खरंच गेले होते का?

नऊच्या सुमाराला मधली फळी उचलून साखळीला अडकवली. मी म्हटलं, मी वर झोपते. हे म्हणाले, "नाही." आणि चढले. मी खाली, त्यांच्या फळीखाली. निळसर बारीक दिवा होता. पुस्तक वाचता येण्यासारखा नव्हता, पण माझ्या तोंडावर हातभर अंतरावर फळीची खालची बाजू होती, आणि तिच्या कडेला पटाशीने काढलेल्या तीन खाचा. त्यांच्या खात्यात प्रत्येकाची अशी खूण असे, म्हणजे आपण रंधलेली फळी आपल्याच चौकटीला बसते. तीन खाचा म्हणजे हे. घरच्या पाटाखालीही त्या होत्या. भावजींची खूण फुली.

म्हणजे फळी यांचीच होती. पण सुटली होती ती फळी नव्हे, पट्टी, आणि पट्टीवर खूण करत नाहीत.

इगतपुरीच्या घाटात गाडीला मागून इंजिन लागलं आणि साखळी जरा कुरकुरली. मी डोळे मिटले नाहीत. वर यांनी कूस बदलली की फळी किंचित खाली येई, मग पुन्हा वर. मला वाटलं होतं की माझ्या मनात भीती असेल. भीती नव्हती. मी त्या फळीकडे अशी बघत होते, जशी वर्गात नक्कल केलेल्या मुलाच्या वहीकडे बघते. कुठली ओळ त्याची, कुठली शेजारच्याची. भुसावळला यांनी वरून हात खाली सोडला आणि विचारलं, "झोपलीस?" मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

अकोला मागे पडलं तसं उजाडलं. म्हातारीला बसायचं होतं म्हणून मधली फळी खाली उतरवली. व्यापारी तोंड धुवायला गेले होते. यांनी मला हाताने जवळ बोलावलं. नवी पट्टी जुन्या जागेपासून चार बोटं वर बसवली होती. जुन्या जागी चार भोकं होती, लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून रंग दिलेली. यांनी खिशातून सुई काढली, एका भोकातली लांबी उकरली आणि आगकाडी आत घालून हळूहळू फिरवली.

मला त्यांनी मागे कधीतरी सांगितलं होतं. स्क्रू पेचकसाने फिरवत आत नेला की लाकडात त्याचे आटे उमटतात आणि तो धरून राहतो. घाईत लोक तो हातोडीने ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे तेवढे पेचकसाने देतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत लाकूड फाटलेलं असतं.

चारही भोकं त्यांनी तशी बघितली. आगकाडी कुठेच अडली नाही. मग माझ्या हातात दिली. मीही फिरवली. आत नुसता भुसा होता.

"ठोकलेत," मी म्हटलं.

"हो."

नागपूरच्या फलाटावर आम्ही नळापाशी बसलो. परतीची गाडी संध्याकाळची होती. मी म्हटलं, "आता सांगून टाका. तुम्ही कधी स्क्रू ठोकत नाही. आपल्या फडताळाच्या बिजागरीचे स्क्रू ठोकले म्हणून एका माणसाला तुम्ही हातोडीसकट जिन्याखाली पाठवलंत."

"ते घर होतं," म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या दिवशी मलाच घाई होती. सुट्टीच्या आत जेवढं होईल तेवढं उरकून निघायचं होतं. ठोकले असतील मीच."

"असतील की ठोकले?"

नळाखाली त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. "ठोकले," म्हणाले. "आवाज आठवतो मला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चार वर्षांत यांचं एक खोटं मला सापडलं होतं, ते त्यांनी वळाबद्दल बोलताना माझ्याकडे न बघता सांगितलं होतं. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मला ते पटलं नाही. भावजींना तीन मुलं होती, सगळ्यात धाकटी रांगत होती. आम्हाला मूल नव्हतं आणि माझी शाळा होती. हे तेवढा विचार करून आले असतील, असं मला वाटलं. कदाचित मुंबईहूनच करून आले असतील, आणि भोकं बघायचं हे सगळं माझ्यासाठी असेल. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुला काय वाटायचं ते वाटो," म्हणाले. "म्हाताऱ्याचा हात मोडलाय."

परत येताना आम्ही बसून आलो. झोपायची जागा घेतली नाही.

चौकशीत यांनी काम माझं असं लिहून दिलं. बिल्ल्याचं नाव काढलं नाही. नोकरी गेली. दोन महिन्यांनी चिंचपोकळीला एका फर्निचरच्या दुकानात लागले आणि पुढे म्हातारपणापर्यंत तिथेच राहिले. भावजींची नोकरी टिकली. राज्य झालं त्या दिवशी लालबागला दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. हे आणि भावजी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बघायला गेले. मी गॅलरीत उभी होते. दोघांमधे कधी वितुष्ट आलं नाही. मी मात्र भावजींशी मोजकंच बोलत असे, आणि ते माझ्याशी.

हे दोन वर्षांपूर्वी गेले. तेराव्याला पंगत उठल्यावर भावजी भिंतीला टेकून बसले होते. ऐकू कमी यायचं त्यांना, म्हणून मोठ्याने बोलत. त्या दिवशी हळू बोलले.

"वैनी, ता काम माझा होता. स्क्रू मी ठोकलंय. त्येका माहीत होता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलतलंय म्हणान दोनदा इलंय. तो म्हणालो, तुझी पोरां बारकी आसत, गप रव."

इतक्या वर्षांनी माझं म्हणणं खरं ठरत होतं. मला समाधान वाटायला हवं होतं. मी विचारलं, "किती ठोकलेत?"

त्यांनी आठवून पाहिलं. "दोन," म्हणाले. "दोनच रवलले."

दोनच बाकी राहिले होते, असं ते म्हणत होते. पण भोकं चार होती, आणि चारही मी माझ्या हाताने बघितली होती. भावजींना नीट आठवत नसेल. किंवा दोन यांनी सकाळी ठोकले असतील आणि दोन भावजींनी दुपारी. किंवा त्यांनी काहीच ठोकलं नसेल, आणि मित्र गेल्यावर त्याच्या बायकोला काहीतरी द्यावं म्हणून ते तसं बोलले असतील. म्हातारी माणसं तेराव्याला असं बोलतात. मी त्यांना पाणी दिलं. पुढे विचारलं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर तेही गेले.

त्यांची बायको शेजारच्या खोलीत आहे. तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, म्हणून तिची भाजी मी आणते. तिला काय माहीत आहे ते मी विचारलेलं नाही. मजल्यावर जुनी माणसं आता आम्ही दोघीच आहोत. स्क्रू कोणी ठोकले ते मला माहीत नाही.